दात बघून वय

"तोंड उघडा बघू, मावशी," मालक म्हणाले, आणि मी उघडलं.

त्यांच्या बोलण्याचं मला फार वाटत नाही. बोलणारा बोलतोच. मी उघडलं, हे आत जाळत राहतं. हाताला पीठ, तवा गॅसवर, आणि साठी ओलांडलेली बाई दिवाणखान्याच्या दारात हनुवटी वर करून दात दाखवत उभी. मिसरीनं काळे पडलेले दात. उजवीकडची एक दाढ पडलेली. मालक खुर्चीतनं वाकले, बघितलं, मागं टेकले.

"जुळलीय की," म्हणाले. "आता वय काय कळत न्हाय."

जनावराचे सगळे दात आले की ते जुळलं म्हणतात. दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळलेलं. पुढचं वय सगळं अंदाजपंचे. माझे वडील बाजारात असेच जबडा धरून बैल बघायचे, म्हणून शब्द मला लगेच कळला. समोर बसलेला विम्याचा एजंट हसला. मालकीणबाई, आमच्या वहिनी, पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. सवयच तशी. माझी लेक मंगल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. आई हसते म्हणून तीही हसली.

मालकांचं नवी पेठेत कापडाचं दुकान. वरच्या मजल्यावर घर. तिथं मी भाकऱ्या करायला जायची, रोजच्या मऊ आणि सणावाराला पाहुण्यांबरोबर द्यायच्या कडक. मंगलला बरोबर न्यावं लागायचं. वय तिशीचं, समज लहान पोरीएवढी, आणि फिट येते. कुंभारीच्या आमच्या घरकुलात एकटी ठेवली आणि फिट आली तर बघणार कोण? तिचा बाप कधीच गेला. थोरली लेक सासरी. ती म्हणते, आई, तू हायस तवर ठीक हाय. त्यापुढचं ती बोलत नाही आणि मी विचारत नाही.

मला एवढंच हवं होतं. मी गेल्यावर मंगलच्या नावानं चार पैसे असावेत. पैसे असले तर तिला कुणी दारातनं हाकलणार नाही. ठेवून घेतील, निदान औषध तरी देतील.

त्या दिवशी एजंट आला होता मालकांच्या विम्यासाठी. मालक एकसष्ट वर्षांचे. एजंट त्यांना सांगत होता, साहेब, एकसष्ट म्हणजे काही वय झालं का, तुम्ही तर आमच्यापेक्षा ठणठणीत. तेवढं ऐकून मला धीर आला. मी त्यांच्यापेक्षा वर्षभरानं मोठी असेन. चहा देताना विचारलं, माझा बी विमा निघंल का?

एजंटनं आधार कार्ड मागितलं. कार्डावर सदुसष्ट. त्याच्या विम्याला पासष्टची हद्द. मी म्हटलं, मी बासष्टची, कार्ड काढणाऱ्यानं माझे पिकलेले केस बघून मनानंच साल टाकलं. मला कसं माहीत, तर बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर खडीच्या कामावर गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई तसंच सांगायची. मालकांच्या वयाला शाळेचा दाखला आणि माझ्या वयाला दुष्काळ.

"आता कार्ड खरं धरायचं का तुम्हाला?" एजंट म्हणाला. तेव्हा मालकांनी तोंड उघडायला सांगितलं.

दात बघून झाल्यावर एजंटनं मला समजावलं. अगदी गोड बोलून. विमा कमावत्या माणसाचा असतो, मावशी. तुमच्या जाण्यानं कुणाचं काय नुकसान होणार आहे? मंगल उंबऱ्यावर बसून पिठाच्या गोळ्याची चिमणी करत होती. मला तिच्याकडं बोटसुद्धा दाखवता आलं नाही. मी आत गेले आणि उरलेल्या भाकऱ्या थापल्या. एकही फुगली नाही.

थोरल्या लेकीलाही सांगितलं नाही. काय सांगणार? त्यांनी बघितलं म्हणून नाही, मी दाखवलं म्हणून लाज वाटत होती. आरशासमोर गेले की ओठ आपोआप मिटायचे.

पुढच्या आठवड्यात मंगलचं औषध आणायला सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपरच्या खिडकीवर मोठी रांग. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "वय?"

मंगलनं हनुवटी वर केली आणि आ करून तोंड उघडलं.

तो माणूस बघतच राहिला. मागनं कुणीतरी फिसकन हसलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला, तर हाताखालनं ती म्हणाली, "आई, बघू दे की."

मी तिला कधी अक्षर शिकवू शकले नाही. हे मात्र ती एका दिवसात शिकली, आणि शिकवणारी मीच. मालकांनी माझा जबडा बघितला तो एकदा. ही आता जन्मभर येईल त्याला उघडून दाखवणार, मी नसतानाही. मग मागं पैसे ठेवून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. एजंट मालकांच्या सह्या घ्यायला आलेला. मी त्याच दारात जाऊन उभी राहिले. मंगलला शेजारी उभी केली.

"मालक," म्हटलं, "तुमचं वय कशावरनं धरलं? कवळीवरनं?"

मालकांच्या तोंडात स्वतःचा दात एकही नाही. कवळीची वाटी रोज सकाळी मीच धुवायची. एजंट कागदात बघायला लागला. वहिनी आतनं म्हणाल्या, अगं बाई, चेष्टेतलं काय मनाला लावून घेतेस. मी एजंटकडं वळले.

"माझ्या जाण्यानं कुणाचं नुकसान, इच्यारलं न्हवं? हिचं. नीट बघून घ्या."

मालकांचा चेहरा तांबडा झाला. "मावशी, तोंड लई सुटलंय तुमचं."

"व्हय," मी म्हटलं. "तुमीच उघडाय सांगितलं."

ते काम तिथंच सुटलं. तवा तसाच गॅसवर राहिला होता, तो कुणी उतरवला ठाऊक नाही. आता शेजारणीबरोबर कडक भाकरी विकते. भागत नाही. आणि खोटं कशाला सांगू, अजून रात्री ते दार डोळ्यांपुढं येतं आणि कानशिलं तापतात. बोलून आले म्हणून उघडलेलं तोंड मिटत नाही.

विमा अजून निघालेला नाही. विम्याच्या दुसऱ्या कचेरीत जाऊन विचारलं. कार्डावरचं वय दुरुस्त करायला काय लागतं, नाहीच झालं तर सदुसष्टच्या बाईला कुठला विमा मिळतो, लवकर मेले तर पैसे मिळतात का नुसते हप्ते परत, मंगलच्या नावचे पैसे कुणाच्या हातात पडणार. सगळं विचारलं. कळलं नाही ते परत विचारलं. खिडकीपलीकडची बाई कंटाळली, तरी हलले नाही. वय कमी सांगितलं नाही आणि वाढवूनही घेतलं नाही.

घरी मंगलला रोज शिकवते. मी विचारते, वय काय? ती तोंड उघडते. मी मान हलवते, परत विचारते. कधी म्हणते तीस, कधी तेरा. चालेल, आकडा चुकू दे. मी मरायच्या आधी तिच्या उघड्या तोंडातनं शब्द आला पाहिजे. तो आल्याशिवाय मी काही मरत नाही.