आपोआप सुरू झालं

त्या दिवशी मशीनला झालं तरी काय होतं? हा प्रश्न मी शेठला विचारला, साइटवरच्या प्रत्येकाला विचारला. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. बाकी किस्से विचारा, तेवढे सगळ्यांना पाठ आहेत. आमच्या धंद्यात किस्से ग्रीससारखे असतात. कितीही पुसा, बोटाला राहतातच.

माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, वडीगोद्रीत वायरमन होता. मी सातवी नापास, त्याच्या मोटरसायकलवर मागे बॅग धरून बसणारा. नव्या पोकलेन आल्या तेव्हा भल्याभल्या मिस्त्र्यांनी हात टेकले. त्यांच्यात इंजिनाचा एक कॉम्प्युटर, पंपाचा दुसरा, आणि ड्रायव्हरसमोर स्क्रीन. हे तिघं पीळ दिलेल्या दोन बारीक वायरींवरून आपसात बोलतात. बोलणं तुटलं की स्क्रीनवर लाल अक्षरं येतात आणि वीस टनांचं धूड जागच्या जागी बसतं.

मग मशीनच्या मालकाचा, म्हणजे शेठचा, निरोप येणार, "जल्दी या." आणि आम्ही पोचलो की ऑपरेटर महादू पहिलं वाक्य हेच म्हणणार, "मी काय न्हाई केलं."

* * *

पहिल्या वेळी महादूने त्या दोन वायरींचा पीळ सोडून त्या सरळ केल्या होत्या. एकदम नीट, शेजारी शेजारी, चिकटपट्टी लावून. पीळ असतो म्हणून इंजिनाचा गोंगाट त्या बोलण्यात शिरत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"गुंता झाल्ता म्हून सोडवला," महादू म्हणाला.

दादा वायरींना परत पीळ घालत बसला. "महादू, सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हणतात. तू काडी न लावताच घालवला."

* * *

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी लाल अक्षरं. महादू म्हणाला, मी काय न्हाई केलं. शेठ म्हणाला, फक्त हार घातला. दादाने केबिनमागचा प्लग उघडला. आतल्या पिना ओल्या, चिकट. त्याने प्लग नाकाला लावला.

"नारळ गोड निघाला असंल," तो म्हणाला.

* * *

एकदा औरंगाबादहून कंपनीचा इंजिनिअर आला. लॅपटॉप, दोन केबली, पांढरे बूट. अर्धा दिवस बटणं दाबून त्याने सांगितलं की इंजिनाचा कॉम्प्युटरच गेला, नवा बाहेरून मागवावा लागेल. शेठ शेजारी पडलेल्या टायरवर मटकन बसला.

दादाने मीटरच्या दोन सुया दोन वायरींना लावल्या. तिथे साठ ओहम यायला पाहिजे. वायरींच्या दोन्ही टोकांना रेझिस्टन्सचा एकेक प्लग असतो, दोघं जागेवर असले की साठ. मीटर एकशेवीस दाखवत होतं. म्हणजे एका टोकाचा सुटलेला. सापडला तो सीटखाली, महादूच्या तंबाखूच्या पुडीशेजारी.

प्लग बसवला, मशीन गुरगुरलं. इंजिनिअरने विचारलं, कुठल्या कॉलेजात शिकलात?

"जुन्या जालन्यात मोटार वाइंडिंगच्या दुकानात एक स्टूल होतं," दादा म्हणाला, "त्याच्यावर."

* * *

शेठही काही कमी नाही. बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरीची केबल काढा, हे दादाने त्याला दहादा सांगितलं होतं. त्याने घाईत तसंच वेल्डिंग करवून घेतलं आणि पंपाचा कॉम्प्युटर जळाला. वर शेठ आमच्याशीच भांडायला लागला की वेल्डिंग तर बकेटला केलं, कॉम्प्युटर बसलाय केबिनमागं, ह्याचा त्याला काय संबंध?

"शेठ, विंचू पायाला चावतो," दादा म्हणाला, "बोंबलतं तोंड."

* * *

आणि महादूचा खरा शोध तो सीटमागचा प्लग. अर्धा ओढला की लाल अक्षरं, मशीन बंद, दिवसाची हजेरी पक्की. गावची जत्रा असली की लाल अक्षरं. मेहुणा आला की लाल अक्षरं. भारताची मॅच असली तर सकाळपासूनच.

दादाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो यायचा, पत्रा उघडायचा, पंधरा मिनिटं मीटर लावल्याचं नाटक करायचा, शेठला "उद्या चालू होईल" म्हणायचा आणि जाता जाता प्लग दाबून द्यायचा. मी एकदा चिडलो. शेठला सांगून टाकू म्हणालो.

"माणसानं सुट्टी मागितली तर शेठ देत न्हाई," दादा म्हणाला. "मशीननं मागितली की देतो. मंग मागू दे की मशीनला."

पण महादूला त्याने बजावलं, की प्लग काढ, फक्त मला बोलवत जाऊ नको, तीस किलोमीटर येतो मी. महादू डोकं खाजवत म्हणाला, "उस्ताद, तुम्ही आल्याबिगर शेठला खरं वाटत न्हाई."

* * *

त्या दिवशी निरोप आला तेव्हा दादा जेवत होता. मला ताप होता, म्हणून एकटाच गेला. अर्धी भाकरी ताटात ठेवून. अंकुशनगरच्या फाट्यावर उसाची ट्रॉली आडवी आली.

शेठ मातीला आला. मी त्याला विचारलं, मशीनला काय झाल्तं? तो म्हणाला, "काय की. संध्याकाळी आपोआप सुरू झालं."

दहाव्याला महादू माझ्याजवळ येऊन बसला. त्यालाही विचारलं. तो बोटाने माती उकरत राहिला. "मी काय न्हाई केलं" एवढंसुद्धा म्हणाला नाही.

* * *

महिन्याने मी साइटवर गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. खरं सांगतो, पिशवीत मोठा पाना होता आणि तो नट खोलायला घेतला नव्हता. महादू मला बघून खाली उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला. पळाला असता तर बरं झालं असतं.

मी केबिनमध्ये चढलो. दादाचं मीटर लावलं. साठ. मशीनला काहीएक झालेलं नव्हतं.

पाना ठेवून दिला. दादाच्या बॅगेत ट्रॅक्टरच्या लाइटचं एक छोटं बटण पडून होतं. दोनपैकी एक वायर कापली, बटण मध्ये जोडलं आणि सीटखाली, वरून दिसणार नाही असं, पक्कं बसवलं.

शेठला सांगितलं, "ह्या मशीनला आता अधूनमधून लाल अक्षरं येणार. जुनं दुखणं हाय. एक दिवस उभं ठेवायचं, आपोआप सुरू होतं. कुणालाच बोलवायचं न्हाई."

मग महादूला वर बोलावलं. त्याचा हात धरून सीटखाली नेला, बोट बटणावर ठेवलं. खाली दाबलं, लाल अक्षरं आली. वर केलं, गेली. पुन्हा एकदा करून घेतलं.

"ह्याला वायरमन लागत न्हाई," मी म्हणालो, आणि बॅग घेऊन उतरलो.