ग्रानादातली न मागितलेली बशी

नारायण पेठेतल्या आमच्या फरसाणाच्या दुकानात एक पाटी आहे: 'चव बघायला मागू नये.' पाटी ह्यांची, फरसाण माझं. गिऱ्हाईक पाटी वाचतं आणि माझी लसूण शेव न चाखताच पुढच्या दुकानात जातं, याचं मला कायम वाईट वाटत आलंय. म्हणून खराडीत नोकरी करणाऱ्या लेकाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला स्पेनची सहल ठरवली, तेव्हा त्यात मी हट्टाने ग्रानादा घुसवलं. तिथल्या बारमध्ये कुठलंही पेय मागवा, सोबत खाण्याची छोटी बशी फुकट येते. तिला तापा म्हणतात.

"तिथलं फुकटचं आवडलं, तर पाटी काढायची," मी विमानातच जाहीर केलं.

"आवडणार नाही," हे म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

माद्रिदहून ग्रानादाला रेल्वेने साडेतीन-चार तास लागतात. तिकीट आधी काढलंत तर स्वस्त पडतं. खिडकीबाहेर नुसती ऑलिव्हची झाडं. दुपारी पोहोचलो तर बहुतेक दुकानांची दारं बंद. ह्यांचा चेहरा खुलला. "सुसंस्कृत गाव आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी आम्ही मोहिमेवर निघालो. शाकाहाऱ्यांनी आत शिरताच 'सिन कार्ने, सिन पेस्कादो' म्हणायचं, म्हणजे मांस नको, मासे नकोत. दारू नको असेल तर मोस्तो मागायचा. हा द्राक्षाचा रस, आणि त्याच्यासोबतही बशी येतेच. बसायला जागा शोधू नका, काउंटरशी उभं राहायचं असतं.

मोस्तोबरोबर ऑलिव्हची बशी आली. ह्यांनी ती परत सरकवली. "हे आम्ही मागवलेलं नाही."

मालकीणबाई मारियाला वाटलं, पाहुण्यांना ऑलिव्ह आवडत नाहीत. तिने बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट आणलं. तेही परत गेलं. आता सगळा बार आमच्याकडे बघत होता. मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्याचं नाटक केलं. मारिया तिसरी बशी घेऊन काउंटरच्या बाहेरच आली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आमचं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. मागितलं नव्हतं."

"मागायचं कशाला? माझ्याकडे आलात ना?"

ह्यांनी बशी स्वतःकडे ओढली. असा प्रसंग आमच्या संसारात पहिलाच. नाइलाजाने एक तुकडा तोंडात टाकला आणि हे एकदम ओरडले, "अगं, ही तर काकवी!"

खरंच होती. तळलेले वांग्याचे काप आणि वरून उसाची काकवी! मी हात पुढे करेपर्यंत बशी साफ. मग ह्यांना अचानक फार तहान लागली. मोस्तोवर मोस्तो आले आणि प्रत्येकासोबत बशी.

"म्हणजे आवडलं?"

"वांगं बरं आहे. आवडलं असं कुठे म्हणालो?"

पुढचे दिवस गल्लीबोळ हिंडण्यात गेले. अल्हाम्ब्रा या जुन्या राजवाड्याचं तिकीट घरून निघण्याआधीच काढून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. टेकडीवरच्या आल्बाइसिन या जुन्या वस्तीत चपला सोडून बूट घाला, सगळी दगडगोट्यांची चढण आहे. पण दुसरे बार बघून झाले तरी जेवायची वेळ झाली की ह्यांचे पाय मारियाकडेच वळत.

निघायच्या दिवशी तिने नेहमीसारखे काप ठेवले. ह्यांनी माझ्या पर्समधून प्रवासासाठी आणलेला लसूण शेवेचा पुडा काढला, फोडला, काप संपून रिकाम्या झालेल्या बशीत ओतला आणि तिच्यापुढे सरकवून शुद्ध मराठीत म्हणाले, "चव बघा."

मारियाने चिमूटभर खाल्ली, डोळे मोठे केले आणि काउंटरवरच्या प्रत्येकाच्या बशीत थोडी थोडी वाढली. टोपीवाल्या एका आजोबांनी तर बोट ओलं करून चुरासुद्धा टिपला. मला रडू आलं. विकत न घेता माझी शेव कोणी पहिल्यांदा खाल्ली, ती तिथे.

पुण्यात परतल्यावर दुकान उघडलं, तर पाटी जागच्या जागी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे खडू घेऊन स्टुलावर चढले. "पैज आवडण्याची होती. मी आवडलं म्हणालेलो नाही, त्यामुळे पाटी राहणार," असं म्हणत त्यांनी तिच्याखाली एक ओळ वाढवली. आता तिथे असं आहे:

'चव बघायला मागू नये. न मागता मिळेल.'

पहिल्या गिऱ्हाइकाने दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. ह्यांनी शेवेची बशी पुढे सरकवली.