टाळूतला स्क्रू

माझ्या मुलीच्या टाळूला स्क्रू बसवला तेव्हा ती आठ वर्षांची होती. वरचा जबडा इतका अरुंद, की एका बाजूचे वरचे दात खालच्या दातांच्या आत पडायचे. हनुवटीही एकीकडे सरकू लागली होती. डॉक्टर म्हणाले, "टाळूची दोन हाडं मधोमध अजून पक्की जुळलेली नाहीत. आताच स्क्रूनं दूर सारू. नाहीतर मोठेपणी कापावी लागतील."

रोज संध्याकाळी मी स्क्रूच्या भोकात बारीक चावी घालायचो; ती एकदा फिरवली की हाडं पाव मिलिमीटर दूर. पुढून घशाकडे ढकलायची. काढताना पुढे ओढली तर फेर उलटतो.

आधी ती नुसती रडायची, मग लाथा मारू लागली. एका संध्याकाळी तिनं स्टीलचा पेला फेकून माझा ओठ फोडला. तेव्हा माझी थोरली बहीण सोनगीरहून देवपूरला आमच्याकडे आली होती. गावाकडे वासराला औषध पाजताना मान बगलेत दाबून नाक बंद करतात. अक्कानं मुलीला तसंच धरलं.

"तू चावी घाल, भाऊ. मी नाक दाबस."

"अक्का, नको!" म्हणेपर्यंत तोंड उघडलं होतं. मी चावी घातली. नाक बंद, तोंडात माझा हात. मुलगी गुदमरून उसळली. चावी पुढे खेचली जाऊन टाळू खरचटली, रक्त आलं. तिनं अक्काच्या बोटात दात रुतवले.

"मन्हं बोट तोडी टाकं! पोर शे का वाघीण?" अक्कानं तिच्या थोबाडीत मारली. मी अक्काला ढकललं. ती कपाटावर आदळली.

मुलीनं बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. "जो येईल त्याचं बादलीनं डोकं फोडीन!"

मी दाराशी बसलो. "फेर उलटलाय. सोडून दिलं तर हाडं पुन्हा जवळ येतील."

"येऊ दे."

"मग मोठेपणी कापतील."

आत बराच वेळ नळ वाहत होता. मग आवाज आला, "आत्याचे हात बांध."

"माले बांधशी? बापनी नही बांधं माले!" अक्का ओरडली. पण हात पुढे केले. मी ओढणीनं बांधले.

मुलगी कडी काढून बाहेर आली, खाटेवर आडवी झाली, डोकं कडेवरून खाली सोडलं आणि स्वतःच तोंड उघडलं. मी चावी ढकलली. तिनं माझ्या पोटरीत नखं खुपसली. तोंड मिटलं नाही. स्क्रूचं नवं भोक समोर आलं, म्हणजे फेर पुरा झाला.

ती उठून लाल थुंकली.

"आत्याला लगेच सोडू नको," म्हणाली.