जागी ठेवलेली बाळंतीण

शस्त्रक्रियेच्या टेबलावर जागी राहिलेल्या बाळंतिणीची गोष्ट शिरवळपासून मिरजेपर्यंत निदान तीन रूपांत सांगितली जाते. शिरवळकडच्या रूपात डॉक्टर तिला नवऱ्याचे नाव विचारतात आणि ती तशा स्थितीतही उखाणा घेते. पाटणकडच्या रूपात ती पलटणीतल्या शिपायाची बायको असून अखेरपर्यंत जात्यावरच्या ओव्या म्हणते. दोन्ही रूपे सुबक आहेत, आणि सुबक आहेत म्हणूनच मला त्यांचा संशय येतो. मूळ प्रसंग जिथे विसरला जातो, तिथे उखाणा आणि ओवी न बोलावता येऊन बसतात. तिसरे रूप मिरजेचे. ते प्रत्यक्ष भूल देणाऱ्याच्या तोंडचे आहे, आणि त्यात ना उखाणा आहे, ना ओवी.

ते सांगणारे गोविंदराव म्हणजे माझे मावसभाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी त्या भागात ओव्या गोळा करत हिंडत होतो आणि मुक्कामाला त्यांच्याकडे असे. मिरजेच्या एका लहानशा खाजगी इस्पितळात ते भूल देण्याचे काम करीत. दुपारी औषधांच्या खोलीमागे चहा होई. तिथे ते, इस्पितळाचे मालक मोठे डॉक्टर आणि सिस्टर रत्नाबाई असे तिघे बसत. किस्से पिकायला याहून सुपीक जमीन मी पाहिलेली नाही. कारण उघड आहे: गुंगीतला माणूस काय बोलला, हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असते!

* * *

सांगलीचा एक पैलवान हर्नियासाठी आला. टेबलावर चढण्यापूर्वी त्याने बजावले की आपल्याला धरायला चार माणसे पुरणार नाहीत, तेव्हा आधीच आठ बोलवा. गोविंदरावांनी मास्कवर ईथरचे थेंब सोडले. गड्याने एकदा हुंगले, दुसऱ्यांदा हुंगले आणि तो घोरू लागला. धरायला आलेली माणसे भिंतीला टेकून उभी राहिली.

शुद्धीवर आल्यावर त्याने जखमेची चौकशी केली नाही. गोविंदरावांना जवळ बोलावून हळूच विचारले, "डॉक्टर, माजी पाठ मातीला लागली न्हाई न्हवं?"

गोविंदराव म्हणाले, "लागली, पण टेबलाला. माती लांब होती."

पैलवानाचा जीव भांड्यात पडला.

* * *

मोठे डॉक्टर पूर्वी पलटणीत होते. एकदा रजेवर आलेल्या एका हवालदाराचे अपेंडिक्स काढायला घेतले. क्लोरोफॉर्म चढता चढता हवालदार कवायत घेऊ लागला, आणि सुरी लागणार इतक्यात कडाडला, "अटेन्शन!"

मोठ्या डॉक्टरांच्या टाचा जुळल्या. सुरी हवेत राहिली. गोविंदरावांनी आणखी चार थेंब सोडले, हवालदाराचे ओठ सैल झाले, पण डॉक्टर तसेच उभे.

शेवटी रत्नाबाईंनीच हलक्या आवाजात म्हटले, "स्टँड अ‍ॅट ईज, साहेब."

* * *

जतकडच्या एका धनगर म्हाताऱ्याला भूल देताना रिवाजाप्रमाणे आकडे मोजायला सांगितले. तो गप्प. पुन्हा सांगितले, तरी गप्प. हा हट्ट नव्हता. मोठ्याने मोजलेल्या कळपाला दृष्ट लागते, ही समजूत त्या भागात पक्की आहे, आणि म्हाताऱ्याने जन्मात मेंढरांखेरीज काही मोजले नव्हते.

गोविंदरावांच्या ते ध्यानात आले. ते म्हणाले, "बाबा, तुमची नका मोजू. माझी मोजा."

म्हाताऱ्याने मास्कखालून सावधपणे विचारले, "तुमची समदी हायती का जित्ती?" आणि झोपी गेला.

* * *

गोविंदरावांनी भुलीच्या प्रकारांची प्रतवारी गोठ्यावरून केली होती. क्लोरोफॉर्म म्हणजे घोडा: झटकन नेतो, पण पाडतानाही सूचना देत नाही. ईथर म्हणजे म्हैस: मंद, वासाची, पण बेभरवशाची नव्हे. पाठीच्या कण्यातले इंजेक्शन म्हणजे खोंड: कंबरेखालचे सारे शेत एका दमात नांगरून टाकते, मात्र रक्ताचा दाब दरीत लोटण्याची त्याला खोड. आणि जिथे कापायचे तिथेच टोचायचे औषध म्हणजे शेळी. तिला कोणी मोजत नाही, पण गरिबाला तीच पुरते.

मोठ्या डॉक्टरांना शेळीचा तिटकारा होता. रोग्याने डोळे उघडे ठेवून आपल्याकडे पाहावे, हे त्यांना चालत नसे.

* * *

आता तो प्रसंग. कृष्णाकाठच्या एका ऊसवाल्या घरातली सून, सोना, नववा महिना भरत आला असताना बैलगाडीतून आणली गेली. नवरा पलटणीत, दूर. सोबत सासू गजराबाई. "कळ न्हाई, दुखनं न्हाई, नुसतं रगात जातंय," एवढेच तिने सांगितले, आणि मोठ्या डॉक्टरांना तेवढे पुरले. बाळाला पोसणारी वार खाली सरकून त्याच्या वाटेवर आडवी बसली होती. पोट उघडल्याशिवाय दोघांपैकी एकही जीव वाचणार नव्हता.

डॉक्टरांनी कण्यातले इंजेक्शन मागितले. गोविंदरावांनी साफ नकार दिला. इतके रक्त गेल्यावर दाब आणखी उतरला, तर तो परत वर येणार नाही. मग ईथर? ईथरने गर्भाशय सैल पडेल, वाहणे वाढेल आणि बाळही झिंगून जन्मेल. क्लोरोफॉर्मचे नावही दोघांनी काढले नाही. उरली शेळी.

"ती ओरडली तर?" डॉक्टरांनी विचारले.

"ओरडली तर उत्तमच," गोविंदराव म्हणाले. "गप्प झाली की मला भीती."

हे खरे होते. सलाईन चालू होते, तरी नाडी बोटाखाली सापडेनाशी झाली होती. ती शुद्धीत आहे की चालली, हे सांगणारी एकच खूण उरली होती: तिचा आवाज. आणि नेमका तोच मिळेना. पोटावर औषध टोचून झाले, सुरी चालू लागली, गोविंदरावांनी उशाशी बसून तिला गाव विचारले, जेवण विचारले, देवाचे नाव घ्यायला सांगितले. सोना पापण्या हलवी. वडीलधाऱ्या परपुरुषांसमोर तोंड उघडू नये, एवढे वळण तिला होते, आणि ते सोडण्याजोगे कारण तिला दिसत नव्हते.

"आहे का ती?" डॉक्टर मान वर न करता विचारत. "आहे का?"

रत्नाबाईंनी बाहेर जाऊन गजराबाईला आत आणले, तोंडाला फडके बांधले आणि उशाशी बसवून सांगितले की सुनेशी बोलत राहा, चांगले बोला. गजराबाईने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "सोने, माजं बाळ ते."

सोनाचे डोळे विस्फारले. लग्न होऊन तीन वर्षे झाली होती, आणि असे शब्द तिने त्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ती पहिल्यांदा बोलली, ती गोविंदरावांशी: "आत्याबाई ग्वाड बोलत्यात. म्हंजी मी आता जानार."

नाडी आणखी बारीक झाली. गोविंदरावांनी म्हातारीकडे पाहिले. म्हातारीला काय कळायचे ते कळले. तिने हात काढून घेतला, नीट मांडी घातली आणि रोजच्या आवाजात सुरुवात केली.

"जातीस कुटं? तुज्या म्हायेरात पानी मागितलं तर ताक देत्यात. का, तर हिरीत पानीच न्हाई."

मग टेबलावरून उत्तर आले, "ताक तरी देत्यात. तुमच्यात पानी आदी उसाला, मग मानसाला."

"चालू ठेवा," मोठे डॉक्टर म्हणाले.

मग गजराबाईने लग्न काढले. आमटी एवढी पातळ होती की वऱ्हाडातली पोरे तिच्यात तोंड बघत होती. सोना म्हणाली, "त्यातल्या चार वाट्या तुमीच प्यालासा." पुढे बाजरी निघाली, आहेराचे लुगडे निघाले, नणंदेचा दुसऱ्या लग्नाचा पाट निघाला. एरवी ज्या सुनेचा आवाज चुलीपलीकडे गेला नव्हता, ती एकेका बोलाला एकेक परत करीत होती. रत्नाबाईंना हसू आवरेना. शेळीचा द्वेष करणारे मोठे डॉक्टर त्या भांडणाच्या लयीवर हात चालवत होते.

गर्भाशयाला छेद दिला आणि वार वाटेतच आली. रक्ताचा लोट उसळला. सोनाचे उत्तर अर्ध्यावर तुटले.

गजराबाईने दोनदा टोमणा मारला. उत्तर नाही. तिच्याजवळची बोलणी संपली होती, आवाजही फाटत होता. तेव्हा तिने न बोलायचे ते काढले.

"तुजा बा," ती वाकून म्हणाली, "पोरगी दिली आन् सुटला. तीन वर्सांत मागं वळून बगितलं न्हाई त्यानं."

डॉक्टरांचा हात मनगटापर्यंत आत होता.

सोनाचे ओठ हलले. आवाज इतका बारीक होता की गोविंदरावांना कान जवळ न्यावा लागला, पण म्हातारीला तो ऐकू गेला.

"बा आलता. दिवाळीला. तुमीच दारातनं परत लावला."

त्याच दमात डॉक्टरांनी बाळ पाय धरून बाहेर ओढले. मुलगी होती, आणि लगेच रडली. डॉक्टरांनी वार सोडवली, टाके घालायला घेतले. वाहणे ओसरत गेले. नाडी परत बोटाला लागली.

"आत्याबाई," सोना म्हणाली, "बोला की."

टाके पुरे होईपर्यंत गजराबाई उशाशी बसून राहिली. मग बाहेर येऊन तिने तोंडाचे फडके सोडले, गाडीवानाकडून बैल जुंपून घेतले, बाजारातून गुळाची एक ढेप उचलून गाडीत ठेवली आणि सोनाच्या माहेरची, जतची वाट धरली. सहाव्या दिवशी ऊन उतरताना गाडी परत आली, तेव्हा पुढे गाडीवानाशेजारी सोनाचा बाप बसला होता.