बरणीच्या बुडावरचं गाव

अमरावतीच्या आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात गोमींच्या बरण्या धुवायला तो माणूस दोनच दिवस आला होता. कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करायचा. बरणी हातात घेतली, की आधी उचलून तिचं बूड बघायचा. मला ती सवय विचित्रच वाटली.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळ्या बरण्या लख्ख, आणि एकीवरही नाव-गावाची चिठ्ठी नाही!

"अहो, काय केलंत हे? जातीचं नाव मी पाय मोजून पुन्हा लावीन, पण कोणती गोम कुठे सापडली ते आता कोण सांगणार?"

"चिठ्ठ्या कुजल्या होत्या, सर," म्हणत त्याने एक बरणी उचलून माझ्यासमोर धरली. बुडावर त्याने ताज्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'धारणी'. दुसरीवर 'चिखलदरा'. अशा सगळ्याच.

"जिनिंगमदी कापसाच्या ढिगावर आदी गाव लिवो आमी. गाव लिवल्याबिगर मी कशाले हात लावत नाई."

"मग नाव का नाही लिहिलं?"

"ते इंग्रजीत होतं. अन् ते तं तुमी पाय मोजून लावसान ना, आताच म्हनलं तुमी."

मी हुश्श करून खाली बसलो आणि धारणीच्या गोमीचे पाय मोजायला लागलो.