ताईच्या खणातले कोरे कागद

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती भांडत होती. मी वह्या-पेनांच्या दुकानात पेन्सिल घ्यायला गेले होते. दुकानदाराने किमतीची चिठ्ठी थेट पाकिटांच्या गठ्ठ्यावरच चिकटवली होती आणि ती नखाने सोलताना वरच्या पाकिटाचा पापुद्रा निघाला होता.

"माल विकता की नासवता?"

"अहो ताई, पाकीटच ते. शेवटी फाडूनच टाकतात ना लोक."

"माझी पाकिटं कुणी फाडत नाही," ती म्हणाली. वरचं पाकीट काढून तिने त्याच्यापुढे सरकवलं आणि बाकीचा गठ्ठा घेऊन निघून गेली.

ते अगदी शब्दशः खरं होतं, हे मला पुढे कळलं. तिची पाकिटं कुणी फाडत नव्हतं, कारण ती कुणाला जातच नव्हती.

ती आणि तिची धाकटी बहीण आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. ताई चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काम करते. पुढे गिऱ्हाईक आरशात तोंडं वाकडी करत फ्रेम निवडत असतं, आणि मागे ताई गोल काच फिरत्या चाकावर धरून त्या फ्रेमच्या आकाराला आणत असते. चाकावर सारखं पाणी पडतं, पांढरा चिखल उडतो, आणि तिचे अंगठे कायम भिजून सुरकुतलेले असतात. त्या मागच्या खोलीला खिडकी नाही. दिवसभर दिव्याच्या उजेडात मान खाली. माझा वाचायचा चष्मा तिनेच बसवला. तो घसरत नाही आणि कानामागे टोचत नाही. माणसांशी तिचं जमत नाही, पण त्यांच्या नाकांशी उत्तम जमतं.

धाकटीला ती छोटी म्हणते. छोटी पन्नाशीला आली आहे. ती घरीच कपडे शिवते, जुने कपडे सैल-घट्ट करून देते, आणि तिच्या कात्रीला जेवढी धार आहे तेवढीच जिभेला. दोघींनीही लग्न केलं नाही. का नाही, असं विचारणारी माणसं तो जिना पुन्हा चढत नाहीत. घर आईवडिलांचं, आता दोघींचं. त्यात एक चिंचोळी खोली आहे, तिला रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी. ती खोली ताईची. खिडकीशी टेबल, आणि समोरच्या भिंतीला खणाखणांचं कपाट.

ताईला पत्रं लिहिण्याच्या सामानाचा छंद होता. पत्रं लिहिण्याचा नव्हे, सामानाचा. हातकागद, पाकिटं, रंगीत शाया, निबं, टीपकागद, चिकटपट्ट्या. पगार झाला की ती दुकानात जाई, आणि जे आणी ते खणात ठेवताना म्हणे, "हे चांगल्या कामासाठी." चांगलं काम काही येत नव्हतं. रोजच्या वापराला तिच्याकडे चष्म्याच्या दुकानातलं फुकट मिळालेलं बॉलपेन होतं.

मी या प्रकरणात सापडले ती त्यांच्या न्हाणीघराचा पाईप फुटला म्हणून. माझ्या छतातून पाणी गळायला लागलं. वर गेले तर दार उघडं, आणि दोघी पाण्यात उभ्या राहून भांडत होत्या.

"तुम्हीच विचारा, बाई!" छोटी माझ्याकडे वळली. "नळवाल्याचे अर्धे पैसे मागितले तर म्हणते पुढच्या महिन्यात देते. आणि हे बघा काय आणलंय! सोन्याच्या निबचं पेन! घरात गुडघाभर पाणी आणि महाराणी सोन्याने लिहिणार!"

"खाली ठेव ते. निब वाकेल."

"घर वाहून गेलं तरी चालेल, निब वाकायला नको!"

"घोटाभर आहे पाणी. गुडघाभर म्हणे."

"मला ती खोली हवी," छोटी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं. "माझं मशीन स्वयंपाकघरात. गिऱ्हाईक कपडे घालून बघतं ते फ्रिजच्या आड. आणि हिच्या कोऱ्या कागदांना खिडकी!"

"कागदांना दमट जागा चालत नाही."

"आणि मला चालते?"

ताई पाण्यातून चालत जाऊन त्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मला कळलं, की खोली गेली तर या बाईच्या दिवसात सूर्य उगवायला जागाच उरणार नाही.

तह छोटीनेच मांडला. वर्षभर ताईने नवीन काही विकत आणायचं नाही. घरात आहे ते वापरायचं. एक पेन्सिल जरी नवीन दिसली तरी खोली छोटीची. नाही दिसली, तर छोटी पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही.

"बाई साक्षीला," ताई म्हणाली.

मला नळवाला हवा होता. मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी छोटीने सगळे खण रिकामे करायला लावले. नवीन काय आणि जुनं काय, हे ठरवायचं तर आधी सगळं डोळ्यांखालून जायला हवं, हे तिचं म्हणणं. जमिनीवर चादर अंथरली आणि ताईने एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. थोड्याच वेळात छोटी कपाळाला हात लावून बसली.

"ही शाई मोरपंखी. ही?"

"ती जरा हिरव्याकडे झुकते."

"आणि ही?"

"निळ्याकडे."

"आणि या दोन?"

ताईने दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. प्रत्येक वेळी दुकानात तिला वाटलं होतं की हा रंग आपल्याकडे नाही. बाटल्या बंदच राहिल्या, मग कळणार कसं?

त्याहून वाईट पुढे होतं. काही बाटल्या उलट्या केल्या तरी थेंब पडेना. चिकटपट्ट्या कशालाच चिकटेनात. गोंदाचा खडा झाला होता. आणि तिचा सर्वांत लाडका, सायीच्या रंगाचा हातकागद, जो तिने धूळ लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता, त्यावर आतल्या आत तपकिरी ठिपके पडले होते.

"जपून जपून मारलंस की ग," छोटी हसली. तेवढ्यावर थांबली असती तर ती छोटी कसली? "आणि मला सांग, पत्राला कागद लागतो तसं माणूसही लागतं ना? ते कुठल्या खणात ठेवलंयस?"

पाईप फुटला त्या दिवशी झाला नव्हता एवढा गारठा त्या खोलीत पसरला. ताईने ठिपक्यांचे कागद उचलले, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या, आणि म्हणाली, "आहे एक माणूस. कळेल तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच छोटी पाकीट फडकवत माझ्या दारात. "वाचा, बाई! चहाच्या कपाखाली ठेवून कामावर गेली!"

ठिपक्यांचा कागद, काळी शाई, आखडतं पण सुबक अक्षर. 'छोटीस. काल तू बाईंसमोर बोललीस ते मी ऐकलं, आता तू ऐक. आई अंथरुणावर होती तेव्हा तू दर रविवारी मैत्रिणीकडे जायचीस. मैत्रीण नव्हतीच. तू बागेत बसायचीस. मला तेव्हाच कळलं होतं. मी आईला सांगितलं नाही. तुझी, ताई.'

"आता?" मी विचारलं.

"आता काय, मलाही लिहिता येतं!"

छोटीकडे कागद म्हणजे कपड्याचे नमुने कापायचा खाकी कागद, आणि लिहायला कापडावर खुणा करायचा खडू. तिचं उत्तर संध्याकाळी ताईनेच मला आणून दाखवलं. वाटेत निम्मं पुसलं होतं, पण वाचता येत होतं. 'बसायचे. तुझा चेहरा बघण्यापेक्षा झाडं बरी.'

त्या दिवसापासून त्यांचं तोंडी बोलणं बंद झालं आणि लेखी सुरू झालं. जुनी भांडणं आधी संपवली, मग रोजची काढली. 'गॅस नीट बंद केला नव्हतास' हे वाक्य मी हाताने बनवलेल्या, कडांना झालर असलेल्या कागदावर हिरव्या शाईत वाचलं आहे. 'दूध तू नासवलंस' याला सोनेरी कडेचं पाकीट होतं. दोघी आपापले पुरावे घेऊन माझ्याकडे यायच्या आणि मी चष्मा लावून वाचायचे. निकाल मी देत नव्हते. पण आयुष्यभर वह्या तपासल्यामुळे एक गोष्ट नजरेतून सुटली नाही. सुरुवातीला ताईचं अक्षर कागद खराब होईल या भीतीने कोपऱ्यात बसल्यासारखं होतं. काही महिन्यांत ते ऐसपैस झालं. चुकलं तर ती आता खोडत होती, नवा कागद घेत नव्हती. आणि खण रिकामे होत होते.

मग छोटीचं ते पत्र आलं. 'शेवटच्या दिवसांत आई माझंच नाव घ्यायची. तू बाजूला असायचीस तरी.' खडूने लिहिलेलं, आणि तरी पुसलं न गेलेलं.

त्याच आठवड्यात ताईची काळी शाई संपली होती. मी तिला वह्या-पेनांच्या दुकानात गाठलं तेव्हा तिच्या हातात काळ्या शाईची बाटली होती आणि दुकानदार आनंदाने पिशवी उघडून उभा होता.

"ताई," मी नुसतं म्हटलं.

"माहीत आहे मला. पण तिने काय लिहिलंय ते वाचलंत ना? घरी गुलाबी उरलीय, पिवळी उरलीय. गुलाबी शाईने कसं भांडायचं, बाई?"

"मोरपंखी?"

"मोरपंखीत राग दिसत नाही."

दुकानदार म्हणाला, "घ्या हो, एका बाटलीने काय होतंय!"

"खोली जाते," ताई म्हणाली, आणि बाटली अशी जपून खाली ठेवली जशी ती काच चाकावर ठेवत असेल.

घरी जाऊन तिने मोरपंखी, गुलाबी आणि पिवळी एकत्र ओतल्या. चिखलासारखा जांभळट-तपकिरी रंग झाला. त्यात लिहिलेलं उत्तर एवढंच होतं: 'मलाही ऐकू येत होतं.'

छोटी ते पत्र घेऊन माझ्याकडे आली नाही. ताईनेच मला सांगितलं म्हणून कळलं.

वर्ष सरत आलं तशी छोटीची चिडचिड वाढली. एका संध्याकाळी तिने जिन्यातूनच हाक मारली, "बाई, या वर! साक्षीदार आहात ना? बघा स्वतःच्या डोळ्यांनी!"

मी वर गेले. तिने ताईच्या कपाटाचा मधला खण उघडला. आत एक जाडजूड नवं पॅड, वेष्टनासकट, वर किमतीची चिठ्ठी. तेवढ्यात ताई कामावरून आली. छोटीने पॅड तिच्या नाकासमोर धरलं, पण बोलली माझ्याशी. "हिला विचारा, हे कुठून उगवलं?"

ताईने पॅड घेतलं. मला वाटलं, ती रडेल किंवा फेकून मारेल. तिने वेष्टन फाडलं, पहिलं पान उलटलं आणि ते खिडकीच्या उजेडात धरलं.

"रेघा आहेत," ती म्हणाली.

"मग?"

"मी रेघांचा कागद घेत नाही. आजवर घेतला नाही. बाई, सगळे खण उघडा. रेघांचं एक पान निघालं तर खोली आत्ता देऊन टाका हिला."

मी उघडले. उरलेसुरले कागद उलटून पाहिले. सगळे कोरे.

"कागद तो कागद!" छोटी म्हणाली. "दुकानात काय सांगायचं मी, रेघा पुसून..." आणि थांबली.

वर्षभरात त्या पहिल्यांदा एकमेकींशी बोलत होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"वा ग वा," ताई म्हणाली. तिच्या आवाजात एवढं सुख मी आधी ऐकलं नव्हतं. "वर्षभरात या घरातून एकच माणूस कागदांवर पैसे उधळून आलं, आणि ते मी नाही!"

"हो, आणलं! काय करू? परवा एक गिऱ्हाईक फ्रिजच्या आड उभं राहिलं आणि म्हणालं, 'इथे कपडे काढायचे? राहू दे.' गेलं ते गेलं. दोन गल्ल्या सोडून नवीन शिवणवाली आलीय, तिच्याकडे आरसा आहे, पडदा आहे. माझ्याकडे काय? भाजीची टोपली!"

"हे पत्रात लिहायचंस."

"सगळं तुझ्याच कपाखाली ठेवायचं का?"

छोटीने स्वयंपाकघरात जाऊन धाडकन दार लावून घेतलं. ताईने पॅड खणात परत ठेवलं. "खणात सापडलं म्हणजे माझंच," ती मला म्हणाली. "आहे ते वापरायचं, असंच ठरलंय."

खोली ताईकडेच राहिली आणि छोटीने खरोखरच पुन्हा तिचं नाव काढलं नाही. नाव काढलं ताईने, आठवड्याभराने, रेघांच्या त्याच कागदावर. रेघा सोडून, मुद्दाम तिरकं लिहिलेलं होतं. 'छोटीस. मी कामावर असते तेव्हा खोली रिकामी असते. अर्धं कपाटही रिकामं आहे, त्यात तुझे कपडे ठेव. गिऱ्हाईक तिथेच घे, आरसा लाव. सहाच्या आत टेबल मोकळं पाहिजे. टाचणी सापडली तर व्यवस्था बंद. हे तुझ्यासाठी नाही, फ्रिजसाठी आहे.'

खडूचं उत्तर आलं: 'साडेसहा.'

त्याखाली शाईत: 'सहा.'

याला आता बराच काळ लोटला. आरसा लागला, पडदा लागला, छोटीची गिऱ्हाइकं परत आली. दोघींचं बोलणं मात्र पुन्हा बंद झालं ते अजून बंदच आहे. पत्रं चालू आहेत आणि त्यातली भाषा सुधारलेली नाही. ताई अजूनही दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासते आणि सहाला घरी येते. तिच्याकडे काळ्या शाईची एक बाटली असते, आणि ती संपली की ती दुसरी आणते.