आमचे आबा, रेल्वेत गार्ड

रांजणगावला कारखाने उभे राहिले आणि आमच्या भागात इंग्रजीची साथ आली. आधी ती मास्तरांना झाली, मग पोरींच्या बापांना. आमच्या आबांनाही झाली. मी बारावी होऊन घरात बसले होते. आबा म्हणाले, "दिवाळीपतुर नोकरी लागली तर लगनाचं पुढं बघू. न्हाई लागली तर पाव्हणं बोलावतो."

मला पाहुणे नको होते. म्हणून मी मांडवगणहून एसटीने दौंडला क्लासला जाऊ लागले.

क्लास रेल्वे कॉलनीजवळ, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. 'इंग्रजी व्याकरण व लेखन सुधारा' अशी पाटी. सुधारणार कोण, ते मात्र पाटीवर नव्हतं. सर स्वतः इंग्रजी बोलत नसत. "इंग्रजी बोलायची नसते, उतरवायची असते," म्हणत. उतरवायला त्यांच्याकडे निबंध एकच, आपल्या कुटुंबाविषयीचा. क्लासमधल्या एका गार्डाच्या मुलीने तो बरा लिहिला होता, तोच सर्वांना पाठ. स्वल्पविरामाला चुटकी, पूर्णविरामाला टाळी. खाली गिरणी, वर आम्ही. दळण दोन्हीकडे चालू.

मी एकदा म्हटलं, "सर, माझे वडील ऊस लावतात."

"लावू दे की! गार्डाचं पाठ झालंय ना? मग गार्डच लिही. तपासणारा काय तुमच्या बांधावर येणार आहे?"

मला हे पटलं. त्या वयात मला काहीही पटायचं.

रांजणगावच्या एका कारखान्याची नोकरीसाठीची लेखी परीक्षा तिथल्या कॅन्टीनमध्ये झाली. प्रश्न आला, घरच्यांविषयी इंग्रजीत लिहा. मी मनात देवाला नारळ कबूल केला आणि सुरुवात केली. 'माय फादर इज अ गार्ड इन द रेल्वेज.' उजवा हात लिहीत होता, डावा सवयीने चुटकी वाजवत होता. पलीकडच्या टेबलावर चुटकी वाजली. मागून टाळी आली. वर पाहते तर सगळा क्लास हजर! थोड्या वेळात कॅन्टीनमध्ये भजनाला बसल्यासारखा ठेका धरला गेला.

कारखान्याचे साहेब टेबलाटेबलावरून कागद वाचत फिरले. मग मधोमध उभे राहून म्हणाले, "काय हो, इतक्या मुली सांभाळून हा माणूस गाडीवर जातो कधी?"

गार्डाची खरी मुलगी उठून उभी राहिली. "सर, माझे वडील खरंच गार्ड आहेत."

"सगळ्यांचेच आहेत. या आता."

तीही आमच्याबरोबर बाहेर. खरं लिहिणारी ती एकटीच होती, आणि बाकीच्या आम्ही तिच्याकडे अशा रागाने पाहत होतो, जसं काही तिच्या बापाने गार्ड होऊन आमची वाट लावली.

क्लासला गावातली आणखी एक जण होती, त्यामुळे बातमी डेअरीवर पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी आबा दूध घालायला गेले, तर शेजारचे आप्पा रांगेतून ओरडले, "काय आबा, रेल्वेत लागला म्हनं! शिट्टी तरी वाजवून दावा!"

आबा रिकामी किटली आपटतच घरात आले. आता पाहुण्यांचं नाव निघणार म्हणून मी चुलीपाशी अंग चोरून बसले.

"रूळ तरी हाय का गं गावात? म्या काय ढेकळावरनं गाडी हाकतो? बस हितं. म्या कोन हाय ते लिव. इंग्रजीत."

मी डिक्शनरी घेऊन बसले. इतके महिने क्लास केलेली विदुषी मी! घाम पुसत शेवटी लिहिलं, 'माय फादर इज फार्मर. ही हॅज केन अँड टू बफेलो. ही इज नॉट गार्ड. टुडे ही इज अँग्री.'

चुटकी, टाळी काही नाही.

आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदावर बोट ठेवून माप घेतलं.

"गार्डाचं किती व्हतं?"

"पानभर."

"आन् माझं एवढंच?" गार्ड झाल्याचं जेवढं लागलं नव्हतं, तेवढं त्यांना हे लागलं. "ह्यात ऊस कुठं हाय? म्हशी?"

मी बोटाने दाखवलं.

"बास? पाण्याची पाळी न्हाई, कांदा न्हाई, तुझी आई न्हाई! वाढव. गार्डाच्या म्होरं जाईस्तवर पाव्हण्यांना येऊ नका म्हनून सांगतो."

मी मान डोलावली, आणि कांद्याला इंग्रजीत काय म्हणतात ते अगदी सावकाश शोधायला घेतलं.